जर-तरच्या ग्रंथालयात

पश्चात्ताप, हळहळ, चुटपुट आणि रुखरुख हे चार शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. जरा थांबून पाहिले, तर त्यांचे प्रांत वेगळे आहेत. पश्चात्तापाला केलेले कृत्य लागते. हातून काही घडते आणि मागाहून ते पोळते. हळहळ दुसऱ्यासाठीही वाटू शकते. चुटपुट बहुधा थोडक्यात हुकलेल्या गोष्टीची. रुखरुखीला मात्र कृत्य लागत नाही, राहून गेलेले काहीतरी पुरते. पश्चात्ताप जाळतो आणि कधीतरी विझतो. रुखरुख हळू आवाजात वर्षानुवर्षे चालू राहते.

थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली याच फरकावर बोट ठेवले. नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टी अधिक सलतात. आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टी सलतात, असा त्यांचा निष्कर्ष. त्याचे एक कारण मला फार पटते. केलेल्या गोष्टीचे परिणाम घडून गेलेले असतात, म्हणून त्यांना सीमा असते. न केलेल्या गोष्टीतून काय काय झाले असते, याला सीमाच नाही. कल्पना तिथे हवे तेवढे पीक काढू शकते.

न जगलेल्या आयुष्यांवरच्या कथा-कादंबऱ्यांची टिपणे मी गेली काही वर्षे काढतो आहे. त्यांतील अलीकडची सर्वांत गाजलेली कादंबरी म्हणजे मॅट हेग या इंग्रज लेखकाची 'द मिडनाइट लायब्ररी' (2020). तिच्यावर 'सुखान्त समुपदेशन' असा शिक्का मारून तिला बाजूला सारणारे वाचक मला भेटले आहेत. मला ती त्याहून अधिक काही सांगते असे वाटते. काय सांगते, ते या लेखात मांडतो.

नोरा सीड ही बेडफर्ड या इंग्लंडमधील गावी राहणारी पस्तीस वर्षांची स्त्री. वाद्यांच्या दुकानातील नोकरी जाते, मांजर मरते, भाऊ दुरावलेला असतो, पियानो शिकायला येणारा एकुलता एक मुलगा येईनासा होतो. शेजारच्या वृद्ध बॅनर्जींची औषधे ती आणून देत असे. तेही आता तिची गरज नाही असे सांगतात. ती आयुष्य संपवायचे ठरवते आणि जीवन-मरणाच्या मधल्या एका ग्रंथालयात पोहोचते. तिथे मध्यरात्र पुढे सरकत नाही. तिच्या शाळेतील ग्रंथपाल मिसेस एल्म तिथे बसलेल्या असतात. फडताळांतले प्रत्येक पुस्तक म्हणजे नोराने एखादा निर्णय वेगळा घेतला असता, तर तिला लाभले असते ते आयुष्य. उघडायचे आणि आत शिरायचे. याशिवाय एक जाडजूड वही आहे. तिच्यात नोराच्या मनातल्या सगळ्या खंती नोंदलेल्या असतात.

ग्रंथालयात जाऊन 'न घडलेले' धुंडाळायचे, ही कल्पना मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशाच एका वेगळ्या मुंबईत जाऊन पोहोचतात आणि एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात स्वतःच्याच ग्रंथाचे खंड चाळू लागतात. तिथे त्यांना कळते की 1761 साली पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, ती चाटून गेली. ह्यू एव्हरेट या भौतिकशास्त्रज्ञाने 1957 साली मांडलेल्या अनेक विश्वांच्या कल्पनेशी नाते सांगणाऱ्या या दोन कथा. नारळीकरांनी प्रश्न राष्ट्राच्या इतिहासाला विचारला, हेगने एका सामान्य स्त्रीच्या आयुष्याला.

नोरा एकेक खंत तपासते. ज्याच्याशी लग्न मोडले त्या डॅनसोबत खेड्यात पब चालवणारे आयुष्य तिला मिळते. तिथे डॅन दारूत बुडालेला आणि बेइमान असतो. मांजराला घरातच ठेवले असते तर ते वाचले असते, ही दुसरी खंत. त्या आयुष्यातही ते मरते, कारण त्याचे हृदयच दुबळे असते. मैत्रिणीबरोबर ऑस्ट्रेलियाला गेलेल्या आयुष्यात मैत्रीण अपघातात गेलेली असते. ज्या बँडमधून नोरा बाहेर पडली, तो जगप्रसिद्ध होतो. पण तिथे तिचा भाऊ अमली पदार्थांनी गेलेला असतो.

इथवर कादंबरी रुखरुखीच्या हिशेबातली गफलत दाखवते. आपण जगलेल्या आयुष्याची अख्खी खतावणी, जमा आणि खर्चासकट, एका बाजूला ठेवतो. न जगलेल्या आयुष्याची मात्र जमेची एकच ओळ दुसऱ्या बाजूला ठेवतो. मग तुलना कशी जुळणार? हेग दुसऱ्या बाजूच्या खर्चाची पाने भरून दाखवतो. एवढेच असते, तर 'दुरून डोंगर साजरे' या आपल्या म्हणीपलीकडे कादंबरी गेली नसती, आणि टीकाकारांचा शिक्का योग्य ठरला असता.

खरी अडचण शेवटी येते, कारण एक आयुष्य खरोखर चांगले निघते. अ‍ॅश हा समंजस शल्यविशारद नवरा, मॉली ही गोड मुलगी, आवडीचे अभ्यासाचे काम. इथे खोट काढायला काही नाही. तरीही नोरा बेचैन होते. या सुखापर्यंतची वाट ती चाललेली नाही, तयार सुखात येऊन बसली आहे, हे एक कारण. दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते. या आयुष्यात ती बेडफर्डला राहत नाही. त्यामुळे बॅनर्जींना औषधे आणून द्यायला कोणी नव्हते आणि ते वृद्धाश्रमात गेले आहेत. पियानो शिकणारा लिओ इथे तिला कधी भेटलाच नाही, आणि तो पोलिसांच्या कचाट्यात सापडला आहे.

माझ्या मते कादंबरीचा गाभा हा आहे. रुखरुख फक्त 'माझे काय हुकले' एवढेच मोजते. 'मी नसतो तर कोणाचे काय हुकले असते' हा रकाना तिच्या वहीत नसतोच. नोराने स्वतःचे ज्याला फुकट गेलेले आयुष्य म्हटले, त्यात आठवड्यातून एक शिकवणी आणि शेजाऱ्याच्या गोळ्या एवढे होते. त्या दोन क्षुल्लक गोष्टींवर दोन माणसे उभी होती, आणि ते तिला ठाऊक नव्हते.

मात्र प्रत्येक खंत ही हिशेबाची गफलत असते असे म्हणणे धोक्याचे आहे. त्यासाठी काझुओ इशिगुरो यांची 'द रिमेन्स ऑफ द डे' (1989) शेजारी ठेवून पाहावी. स्टीव्हन्स हा लॉर्ड डार्लिंग्टनच्या वाड्यावरचा मुख्य सेवक. 1956 साली तो मोटारीने प्रवासाला निघतो आणि वीस वर्षांपूर्वीची सहकारी मिस केन्टन हिला भेटतो. आता ती दुसऱ्याची पत्नी आहे. तुमच्याबरोबरच्या आयुष्याचा विचार कधीकधी मनात येतो, असे ती त्याला सांगते. ही त्याची रुखरुख. पण त्याच्या खात्यात दुसरीही एक नोंद आहे. नाझींकडे झुकलेल्या मालकाच्या हुकमावरून त्याने वाड्यावरच्या दोन ज्यू मोलकरणींना मुकाट्याने कामावरून काढले होते. ही रुखरुख नव्हे. इथे पश्चात्तापच हवा. कोणत्याही ग्रंथालयात ही ओळ पुसली जाऊ नये. नोराच्या वहीत मांजराचे मरण आणि भावाशी आलेला दुरावा अशा नोंदी शेजारी-शेजारी असतात. त्यांतील कोणती निव्वळ ओझे आहे आणि कोणती आपल्याकडून काही मागते, हे निवडणे हेच खरे काम. म्हणून ते चार शब्द वेगळे ठेवायला हवेत.

शेवटी नोरा जगायचे ठरवते आणि परत येते. नोकरी गेलेलीच असते, मांजर मेलेलेच असते. मदतीसाठी ती दार ठोठावते ते बॅनर्जींचे. पुढे लिओची शिकवणी सुरू होते, भाऊ भेटतो. दुसरी संधी म्हणून तिला पहिलेच आयुष्य मिळते; वाढलेला असतो तो फक्त हिशेबातला तो रकाना.

स्टीव्हन्सला कोणतेही ग्रंथालय मिळत नाही. वेमथच्या धक्क्यावर, दिवे लागण्याच्या वेळी, तो नव्या मालकाशी हलकीफुलकी थट्टामस्करी करायला शिकायचे ठरवतो. प्रथम वाचताना हे केविलवाणे वाटते. नोरानंतर वाचले तर तसे वाटत नाही. गेलेली वीस वर्षे परत येणार नाहीत, हे मान्य करून जवळच्या एका माणसाशी नीट बोलायला शिकणे एवढेच त्याच्या हाती उरले आहे, आणि ते तो करायला निघतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येणारी दुसरी संधी याच मापाची असते.