लस मुक्कामी पोहोचली काय?

देवीच्या लसीने तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. ती लस रोग होण्यापूर्वीच शरीराला सावध करीत असे. कर्करोगावरील अनेक लसींचे कार्य याहून निराळे आहे. रोग जडल्यानंतर, शरीराने आपल्याच समजून अभय दिलेल्या पेशी वस्तुतः घातक आहेत, हे प्रतिकारयंत्रणेला पटवून द्यावयाचे असते.

शरीरात ही ओळख पटविण्याचे काम डेंड्रायटिक पेशी करतात. झाडाच्या फांद्यांसारखे फाटे असलेल्या या पेशींचा शोध राल्फ स्टाइनमन व झॅनविल कोन यांनी १९७३ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध केला. परक्या पदार्थाचा अंश घेऊन या पेशी लसीका ग्रंथीत जातात व तेथील लढाऊ श्वेतपेशींना तो दाखवितात. म्हणून रुग्णाच्याच रक्तापासून अशा पेशी तयार करावयाच्या, त्यांना कर्कपेशींचे अंश द्यावयाचे व त्या पुन्हा टोचावयाच्या, असे प्रयोग सुरू झाले. काही रुग्णांना गुण आला. पुष्कळांना आला नाही. असे का व्हावे?

नेदरलँड्समधील नायमेगेन येथील संशोधकांनी प्रथम एक साधा प्रश्न विचारला : टोचलेल्या पेशी ग्रंथीत पोहोचतात तरी काय? त्यासाठी त्यांनी काही पेशींमध्ये लोह-ऑक्साइडचे नॅनोकण भरले. हे कण नॅनोमीटरात मोजतात, आणि एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर असतात. असे कण आपल्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र किंचित विस्कळीत करतात, त्यामुळे एम.आर.आय. चित्रात त्या जागी काळा डाग उमटतो. इतर पेशींना किरणोत्सारी इंडियमची खूण केली होती.

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या आठ रुग्णांवर हा प्रयोग झाला व त्याचा वृत्तांत २००५ साली प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई ग्रंथीत घातली होती. तरीही आठांपैकी चौघांत नेम चुकला होता! इंडियमच्या खुणेवरून पेशी साधारण कोठे आहेत एवढेच कळत होते. त्या ग्रंथीत नसून शेजारच्या मेदात आहेत, हे एम.आर.आय.ने दाखविले. जेथे नेम साधला होता, तेथून पेशी पुढील ग्रंथींकडे जातानाही दिसल्या.

नॅनोकणांनी येथे रोग बरा केला नाही. त्यांनी केवळ वाट दाखविली. परंतु ते थोडे नव्हे. जी लस मुक्कामी पोहोचलीच नाही, तिला निष्फळ ठरविणे अन्यायाचे होय. औषधाची परीक्षा करण्यापूर्वी ते योग्य स्थळी गेले की नाही हे पाहावे, हा या प्रयोगाचा बोध आहे.