उसातला बिबट्या, पडद्यावरचा बिबट्या

शेतीची लाईट रात्रपाळीची असली की नाशिक जिल्ह्यातल्या सायखेड्यात उसाला पाणी भरायला निघालेला माणूस मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतो आणि बॅटरीचा झोत बांधावर फिरवत चालतो. बिबट्याला आपली चाहूल आधीच लागावी म्हणून. गोदाकाठी ही भीती रोजची आहे आणि खरी आहे. म्हणूनच माहितीपटांची शिफारस करताना मी सुरुवात बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ २’ (२०१६) मधल्या शहरांवरच्या भागापासून करतो. मुंबईत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, बिबट्या रात्री डुकरांवर झडप घालतो ते त्यात दिसतं. दिवे लावले असते तर जनावर बुजलं असतं. म्हणून अंगाची उष्णता टिपणारे कॅमेरे वापरले. काळ्या रात्रीत बिबट्याचं शरीर पांढरं उजळून दिसतं.

तो भाग पाहताना डॉ. विद्या अत्रेय यांचं काम आठवतं. शेजारच्या नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात बिबटे माणसांच्या अगदी जवळ राहतात, हे त्यांनी अभ्यासातून दाखवलं. २००९ मध्ये पट्टा बांधून माळशेज घाटाजवळ सोडलेला ‘आजोबा’ हा बिबट्या सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून मुंबईला पोचला. त्याच्यावरचा ‘आजोबा’ (२०१४) हा मराठी चित्रपट कथापट आहे, माहितीपट नव्हे. पण तोही जरूर पाहा.

चांगला माहितीपट ओळखायचा कसा? माझी कसोटी एकच: हे चित्र कसं मिळालं, ते तो सांगतो का? ‘प्लॅनेट अर्थ २’च्या प्रत्येक भागाच्या शेवटी चित्रीकरणाची गोष्ट येते. ती सोडून उठू नका. लांबच्या भिंगातून टिपलेल्या प्राण्याच्या पावलांचा आवाज बहुधा नंतर स्टुडिओत भरलेला असतो, एवढं मुलांना सांगितलं तरी त्यांची नजर बदलते. आवाज भरणं मला चालतं, वागणूक रचणं नाही. डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ला (१९५८) ऑस्कर मिळालं. त्यात लेमिंग हे उंदरासारखे प्राणी कड्यावरून सामूहिक आत्महत्या करताना दाखवले होते. प्रत्यक्षात ते विकत आणून पाण्यात ढकलले होते. ही लबाडी १९८०च्या दशकात उघड झाली, पण लेमिंगची ती खोटी गोष्ट अजून सांगितली जाते.

उलट बाजूला ‘विंग्ड मायग्रेशन’ (२००१). जाक पेरां यांच्या चमूनं काही पक्षी अंड्यातून बाहेर आल्यापासून वाढवले. माणसांची सवय झालेले ते पक्षी हलक्या विमानाच्या पंखाशेजारून उडतात. बदकाची मान ताणली जाते, पंखाचं एकेक पीस वाऱ्याशी झुंजतं, हे हाताच्या अंतरावरून दिसतं. तो पाहून थंडीत नांदूर मध्यमेश्वरला जा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक पाण्यावर उतरताना पाहाल, तेव्हा त्यांच्या मागचा हिमालयापलीकडचा प्रवास मनात आपोआप उभा राहील.

शेवटचा, आणि मला सर्वात प्रिय: शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (२०२२). दिल्लीतले दोन भाऊ घराच्या तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. निवेदक नाही, घाई नाही. कॅमेरा उंदरांवरून, डबक्यांवरून, गल्लीतल्या गुरांवरून सावकाश सरकतो. मुलांना आधी कंटाळा येईल. थोडा वेळ बसवून ठेवा. मांजानं चिरलेला घारीचा पंख पाहिला, की पुढचं समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे येवल्याची पतंगांची संक्रांत मोठी. मांजाच्या आसाऱ्या (फिरक्या) बाहेर निघण्याआधी, डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी, शाळेच्या प्रोजेक्टरवर हा लावावा.