अजिंठ्याचीं लेणीं आणि वाशीमचा शेतकरी

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत, सुमारें २,४०० मीटर उंचीवर, इंका राजांनीं पंधराव्या शतकांत वसविलेलें माचू पिचू नांवाचें ओसाड नगर पाहावयास जगांतून लोक जातात. त्या नगराची आणि आपल्या अजिंठ्याची जागतिक वारशाच्या यादींत नोंद एकाच वर्षीं, १९८३ सालीं, झाली. तिकडे जाणें आपणांपैकीं थोड्यांनाच साधेल. अजिंठ्याचीं लेणीं मात्र वाशीमकरांच्या घरचीं आहेत. म्हणून सुगी आटोपल्यावर आम्ही कांहीं मंडळी फर्दापूरच्या वाटेनें तीं पाहून आलों.

घरचीं म्हणण्यास आधार आहे. आजचें वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेंतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानें पांचव्या शतकांत १६ वें लेणें कोरविलें, असा लेख तेथील भिंतीवर आहे.

वाघूर नदीच्या नालासारख्या वळणावर सुमारें ३० लेणीं आहेत. पाहणारांचें लक्ष चित्रांकडे जातें. आमचें लक्ष रंग उडालेल्या जागांकडे गेलें. तेथील गिलावा माती, भाताचें तूस व गवताचे तंतू यांचा असून त्यावर चुन्याचा पातळ हात आहे. घरच्या भिंती लिंपणारी कोणतीही बाई हें मिश्रण ओळखील.

परंतु पाथरवटांच्या व चिताऱ्यांच्या पोटाला धान्य पिकविणाऱ्यांचें नांव त्या भिंतींवर नाहीं. त्यांची खूण ताम्रपटांत शोधावी लागते. दुसऱ्या विंध्यशक्तीनें आपल्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्माहून दिलेला ताम्रपट १९३९ सालीं वाशीम येथें मिळाला. त्यांत एका गांवाचें दान आहे. वाकाटकांच्या दानपत्रांत अशा गांवाच्या सवलती लिहिलेल्या असतात: शिपायांनीं गांवांत शिरूं नये, फुलें व दूध घेऊं नये, गाईबैल मागूं नयेत. दान दिलेल्या गांवास जें माफ होतें, तें इतर गांवांच्या माथीं होतें, हें उघड आहे. तेव्हां दानपत्र ही त्या काळच्या शेतकऱ्याच्या ओझ्याची यादीच होय.

माचू पिचूस डोंगरउतारावर दगडी बांधांचीं शेतें आहेत. खालीं मोठे दगड, त्यावर खडी व वाळू आणि सर्वांत वर सुपीक माती, असे थर असल्यामुळें पाणी मुरतें व माती धुपत नाहीं. तेथें शेतच स्मारक होऊन राहिलें. आपल्याकडे शेतकऱ्याची खूण राहिली ती तांब्यावरील अक्षरांत. आणि असा ठेवा कोणाच्या नांगरास किंवा विहिरीच्या खणतींत केव्हां लागेल, याचा नेम नाहीं.

यास्तव वाचकांस विनंति कीं, कोरलेला पत्रा मोडींत घालूं नये, जुनें नाणें आटवूं नये, लेखाची शिळा बांधाला लावूं नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणें बंधनकारकच आहे. मोडींतून चार पैसे येतील. पण त्यांबरोबर कदाचित् आपल्याच गांवाचें दीड हजार वर्षांपूर्वींचें नांव वितळून जाईल.