व्यवसाय-सुलभता क्रमवारी

व्यवसाय-सुलभता क्रमवारी : उद्योगधंदा सुरू करणे व चालविणे नियमांच्या दृष्टीने कितपत सुकर आहे, हे गुणांकांनी ठरवून केलेली देशांची वा राज्यांची तुलनात्मक मांडणी. जागतिक बँकेने २००३ मध्ये सुरू केलेला ‘डुइंग बिझनेस’ हा वार्षिक अहवाल हे तिचे प्रमुख उदाहरण होय. कंपनी-नोंदणी, बांधकाम-परवाना, वीजजोडणी, कर्जप्राप्ती, करभरणा इ. दहा बाबींवरून त्यात देशांचा क्रम लावीत. भारताची पाहणी मुंबई व दिल्ली या शहरांपुरतीच असे.

२०१५ च्या अहवालात भारत १४२ वा होता. २०२० च्या अहवालात तो ६३ वा झाला. तथापि स्थूल देशांतर्गत उत्पादनवाढीचा दर २०१६–१७ मधील सु. ८ टक्क्यांवरून २०१९–२० मध्ये सु. ४ टक्क्यांपर्यंत घसरला. सुटसुटीत नियमांमुळे वेळ व खर्च वाचतो, हे खरे. परंतु मागणी, गुंतवणूक, पतपुरवठा व पायाभूत सोयी यांवरही वाढ अवलंबून असते. शिवाय संपन्न देशांचे प्रशासन बहुधा कार्यक्षम असल्याने वरच्या क्रमांकामुळेच संपन्नता येते, असे सिद्ध होत नाही. महाराष्ट्राचे राज्य उत्पादन देशात सर्वाधिक असूनही केंद्र शासनाच्या २०१९ च्या राज्य-क्रमवारीत तो १३ वा होता.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडीच्या उदाहरणावरून ही मर्यादा विशेष स्पष्ट होते. बांधकाम-परवान्याचा निकष एका काल्पनिक दुमजली गोदामाच्या उभारणीवर आधारलेला होता. त्यात भारत २०१८ ते २०२० या अहवालांत १८१ वरून २७ व्या क्रमांकावर आला. गोदामांसाठी प्रसिद्ध असलेली भिवंडी मात्र पाहणीबाहेरच राहिली. मुंबईतील १९८२ च्या गिरणी संपानंतर येथील यंत्रमाग-व्यवसाय फोफावला. पुढे मुंबईच्या जकात-हद्दीबाहेर, मुंबई-नाशिक महामार्गाच्या परिसरातील ग्रामपंचायतींच्या क्षेत्रांत गोदामे उभी राहिली; त्यांतील अनेक रीतसर परवानगीविना बांधलेली होती. म्हणजे सुलभ परवान्यापेक्षा मोक्याची जागा, करांतील तफावत व स्थलांतरित मजुरांचे श्रम ही या वाढीची कारणे ठरली. तिची किंमतही क्रमवारीत दिसत नाही. एप्रिल २०२३ मध्ये तालुक्यातील गोदाम असलेली एक इमारत कोसळून जीवितहानी झाली. बांधकामाची तपासणी व कामगारांची सुरक्षितता यांवरील खर्च उद्योजकाला अडथळा वाटला, तरी समाजाच्या दृष्टीने तो आवश्यकच असतो.

काही देशांच्या आकडेवारीत गैरप्रकार आढळल्यामुळे बँकेने हा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये बंद केला. २०२४ मध्ये ५० देशांविषयीचा ‘बिझनेस रेडी’ हा नवा अहवाल निघाला. त्यात नियमांबरोबरच सार्वजनिक सेवा व प्रत्यक्ष अंमलबजावणी यांचाही विचार केलेला आहे.