वॉरंट म्हणजे अख्ख्या मोबाइलची किल्ली नव्हे

अमेरिकेत पोलिसांना मोबाइल तपासायचा असेल, तर सहसा न्यायाधीशांचे वॉरंट लागते. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याला जोडून एक गैरसमज सतत कानावर येतो: ‘एकदा वॉरंट निघाले की मोबाइलमधले काहीही, कधीचेही बघायला पोलीस मोकळे.’ हे साफ चूक आहे.

१७९१ पासून लागू असलेल्या चौथ्या घटनादुरुस्तीनुसार वॉरंटसाठी शपथेवर सांगितलेला सबळ आधार लागतो. शिवाय झडती कुठे घ्यायची आणि काय जप्त करायचे, हे त्यात नेमके लिहावे लागते. चोरीचा टीव्ही शोधायला घरात शिरलेल्या पोलिसाला मसाल्याचा डबा उघडता येत नाही. मोबाइलमध्ये मात्र आकाराची अशी आडकाठी नसते. म्हणूनच गुन्हा कोणता, काळ कोणता आणि माहिती कोणत्या प्रकारची, या मर्यादा तिथे अधिक काटेकोरपणे घालाव्या लागतात.

डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बकहॅम खटल्यात आणि २०२१ मध्ये टेलर खटल्यात, मोबाइलमधील ‘सर्व माहिती’ काळाची मर्यादा न घालता तपासू देणारी वॉरंटे घटनाबाह्य ठरवली. टेलर खटल्यात तर दोषसिद्धीही रद्द झाली.

वॉरंट योग्य असले, तरी त्याबाहेर जाता येत नाही. मिशिगनमधील ह्यूज खटल्यात वॉरंट अमली पदार्थांच्या तपासासाठी होते. मोबाइलमधून निघालेल्या माहितीचा सुमारे ६०० पानी अहवाल तयार झाला. महिनाभराने त्याच माहितीत दरोड्याशी संबंधित नावे शोधण्यात आली. २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की शोधाचा रोख वॉरंटमधल्या गुन्ह्याकडेच हवा. माहिती आधीच ताब्यात आहे, एवढ्याने दुसऱ्या गुन्ह्याचा शोध घेण्याची मुभा मिळत नाही.

गैरसमजाचे मूळ बहुधा तपासाच्या पद्धतीत आहे. संघीय फौजदारी कार्यपद्धतीच्या नियम ४१ नुसार उपकरणातील माहितीची आधी प्रत घेऊन छाननी नंतर करता येते. पण प्रत संपूर्ण घेतली, म्हणून ती संपूर्ण वाचायची परवानगी मिळाली असे होत नाही. हा फरक पुन्हा पुन्हा सांगावा लागतो, ही खेदाची गोष्ट आहे.

इतर काही गैरसमज:

‘अटक झाली की वॉरंटशिवाय मोबाइल तपासता येतो.’ नाही. २०१४ मध्ये रायली खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे नाकारले. खऱ्या तातडीचा अपवाद तेवढा ठेवला.

‘मोबाइल सगळेच वापरतात, मग पुरावा असणारच, वॉरंटला तेवढे पुरे.’ नाही. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये व्हाइट खटल्यात गुन्हा आणि मोबाइल यांच्यातील ठोस दुवा मागितला.

‘पोलिसांनी मागितला की मोबाइल उघडून द्यावाच लागतो.’ वॉरंट नसताना संमती नाकारता येते. स्वेच्छेने संमती दिली, तर मात्र वॉरंटची गरजच उरत नाही.

‘वॉरंट सदोष ठरले की पुरावा आपोआप बाद.’ नाही. पोलीस वॉरंटवर प्रामाणिकपणे विसंबले असतील, तर १९८४ च्या लिऑन निकालानुसार पुरावा टिकू शकतो. मेरीलँडमधील रिचर्डसन खटल्यात २०२२ मध्ये तेच घडले: वॉरंट अतिव्यापक ठरले, पण पुरावा राहिला.