‘सिस्टिमने कापले’ म्हणजे नक्की काय? बँकेचे चार्जेस परत कसे मागायचे

दर महिन्याला पगार जमा होणाऱ्याला बँकेचे चार्जेस फारसे जाणवत नाहीत. ज्याचं उत्पन्न मध्येच थांबतं, त्याला ते नेमके तेव्हाच लागतात. मी वर्सोव्यात राहतो. इथे १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. कर्जाचा हप्ता मात्र बंद नसतो. हप्ता चुकला की दंड, शिल्लक घटली की दंड. शाखेत विचारलं तर उत्तर ठरलेलं: “सिस्टिमने कापले.”

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून सांगतो: सिस्टिम स्वतःच्या मनाने काही कापत नाही. कुणीतरी लिहिलेला नियम ती चालवते. त्यामुळे कुठला नियम चालला आणि तो बरोबर चालला का, हे तपासता येतं.

आधी नोंद ओळखा

स्टेटमेंटमध्ये साधारण दोन प्रकारच्या नोंदी सापडतात.

१. हप्ता परत गेल्याचा चार्ज. ‘एनएसीएच रिटर्न’ किंवा ‘ईसीएस रिटर्न’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. कर्ज घेताना आपण मँडेटवर सही करतो. ठरलेल्या तारखेला कर्ज देणारी कंपनी एनपीसीआयच्या नॅच यंत्रणेतून आपल्या बँकेकडे पैसे मागते. खात्यात पुरेसे नसतील तर मागणी परत जाते आणि आपली बँक चार्ज लावते. कर्ज देणारी कंपनी तिचा बाउन्स चार्ज वेगळा लावते. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालतं, त्यामुळे ‘सोमवारी पैसे भरू’ हा हिशेब चुकू शकतो.

२. किमान शिल्लक नसल्याचा दंड. यात बहुधा ‘मिनिमम बॅलन्स’ किंवा ‘एएमबी’ असा उल्लेख असतो.

एक सोपी युक्ती: या चार्जेसवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणून २५० रुपयांचा चार्ज २९५ होतो आणि ५०० चा ५९०. असे विचित्र आकडे दिसले की तिथे पेनाने खूण करा.

कुठला चार्ज हक्काने परत मागता येतो?

किमान शिल्लकेबद्दल रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ ला व्यापारी बँकांसाठी परिपत्रक काढलं. ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. त्यातल्या तीन गोष्टी पाठ करून ठेवा:

- दंड लावण्याआधी बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायला हवं आणि शिल्लक भरायला किमान एक महिना द्यायला हवा.
- दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवा. १०० रुपये कमी आणि ५,००० रुपये कमी, दोघांना सारखाच दंड चालत नाही.
- फक्त या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये.

यातलं काही मोडलं असेल, तर तुम्ही मेहेरबानी मागत नाही, चूक दुरुस्त करायला सांगता. स्टेट बँकेने तर बचत खात्यांवरचा हा दंड मार्च २०२० मध्येच काढून टाकला आणि नंतर इतर काही सरकारी बँकांनीही तेच केलं. त्यामुळे तुमच्या बँकेचा सध्याचा नियम आधी बघा.

कर्जखात्यासाठी वेगळा नियम आहे. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार हप्ता चुकल्यावर ‘दंडव्याज’ लावता येत नाही, फक्त दंडात्मक शुल्क लावता येतं आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कर्जखात्याचं स्टेटमेंट मागा आणि दंडाची रक्कम मुद्दलात मिसळली आहे का, ते बघा.

हप्ता परत गेल्याचा चार्ज दरपत्रकाप्रमाणे असेल, तर तो हक्काने परत मिळत नाही. तिथे विनंतीच करावी लागते. पण अडचण खरी असेल आणि कागद नीट असेल, तर बँका काही रक्कम परत देतात. आमच्या शेजारच्या मासे विकणाऱ्या मावशींचा एकच हप्ता एका महिन्यात दोनदा परत गेला होता आणि दोन्ही वेळा २९५ रुपये कापले होते. तारखांसकट अर्ज दिल्यावर बँकेने त्यातला एक चार्ज परत केला. त्या खात्यातला किमान शिल्लकेचा दंड आधी न कळवता लावला होता, तो पूर्ण परत आला.

अर्ज कसा लिहायचा?

तोंडी बोलू नका. ईमेल करा किंवा शाखेत अर्ज देऊन पोच घ्या. मजकूर एवढा पुरतो:

> “माझ्या बचत खात्यातून या तारखांना हे चार्जेस कापले आहेत (यादी). किमान शिल्लकेबद्दल मला आधी सूचना मिळालेली नाही. दिली असल्यास तिची तारीख कळवावी. मासेमारी बंदीमुळे जून-जुलैत माझं उत्पन्न बंद होतं. नियमाबाहेर कापलेली रक्कम परत करावी आणि हप्ता परत गेल्याच्या चार्जेसबाबत सवलत द्यावी. तक्रार क्रमांक कळवावा.”

तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. बँकेकडे न जाता थेट तिथे गेलात तर तक्रार फेटाळली जाते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

पुढचा चार्ज थांबवा

परत मिळालेले २९५ रुपये पुढच्या महिन्यात पुन्हा गेले तर उपयोग काय? म्हणून हे करा:

- उत्पन्न थांबणार हे आधी माहीत असेल, तर हप्त्याच्या तारखेच्या निदान महिनाभर आधी कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा. तारीख बदलून किंवा हप्ता पुनर्रचित करून मागा.
- नुसतं मँडेट रद्द करू नका. कर्ज तसंच राहतं. शिवाय शिल्लक नसल्याने इलेक्ट्रॉनिक हप्ता परत जाणं हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ नुसार चेक बाउन्ससारखा गुन्हा ठरू शकतो.
- यूपीआय ऑटोपेमधली ओटीटी, अॅप वगैरेंची सबस्क्रिप्शन्स मात्र खुशाल थांबवा. यूपीआय अॅपमध्येच त्यांची यादी मिळते.
- बचत खातं ‘बेसिक सेव्हिंग्ज’ खात्यात बदलून मागा. त्यात किमान शिल्लकेची अटच नसते, त्यामुळे तो दंडही नाही. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

आज एवढंच करा: गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट डाउनलोड करा आणि २९५, ५९० असे आकडे शोधा. प्रत्येक आकड्यापुढे कुठला नियम लागला ते लिहा. जिथे उत्तर सापडत नाही, तोच तुमच्या अर्जातला पहिला प्रश्न.