छोटे स्टिअरिंग: स्वस्त काम, पण हिशेबाने करा

आठवडी बाजाराला जुनी जीप नेणारे आपले बरेच व्यापारी बांधव गुडघ्याला मोकळीक मिळावी म्हणून छोटे स्टिअरिंग बसवतात. काम घरीच होते. चाके सरळ ठेवून बॅटरीची तार काढावी, शाफ्टवर खूण करावी. नट सैल करून पुलरनेच स्टिअरिंग ओढावे, हातोडा मारू नये. बॉस-किट शाफ्टच्या दात्यांना जुळणारे घ्यावे. नट पक्का आवळून हॉर्न तपासावा.

मात्र पॉवर स्टिअरिंग नसेल तर 16 इंचाऐवजी 14 इंची लावल्यास सुमारे 14 टक्के जास्त जोर लागतो. भरल्या गाडीला घाटाच्या वळणावर हे जड जाते. एअरबॅगच्या गाडीला हातच लावू नये, कारण चालकाची एअरबॅग स्टिअरिंगमध्येच असते.

आम्ही म्हणतो, आधी माल भरून मोकळ्या मैदानात वळवून पाहा. तोवर जुने स्टिअरिंग भंगारात देऊ नका.